कोंबडीखालची बाटली

मला एका जागी बसता येत न्हाय. तिसरीत मास्तर बोलले, "तू एक तर बस, न्हायतर जा." मी गेलो. मास्तरांचं तेवढंच एक ऐकलं. पुढं नशिबानं धंदा दिला तोपण बसायचाच, मांडवा जेट्टी ते किहीम सहा सीटर रिक्षा. पण निदान आपण बसलोय आणि रस्ता पळतोय, एवढं समाधान.

तर माझी गत आधीपासूनच अशी. पण यंदा चैत्रात जे झालं ना, बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की पळावंसं, जेवताना घास हातात आणि डोळे मागच्या दारी, त्याला कारण एक बाटली. खोकल्याच्या औषधाची असते तेवढी. आणि ती होती माझ्या कोंबडीखाली.

पहिल्यापासून सांगतो, न्हायतर तुम्ही बोलाल गडी टाकून आलाय.

आमच्या घरापासून हाकेवर बाईंची नारळाची वाडी. बाई म्हणजे मुंबईला उभा जन्म प्रयोगशाळेत नोकरी केलेली बाई. रिटायर झाल्या आणि वडिलांच्या वाडीत परत आल्या. आता रिटायर होऊन वाडीत आलेला माणूस काय करतो? कॉटेज बांधतो, शनिवार-रविवार मुंबईवाल्यांना देतो. बाईंनी जुना गोठा झाडला, चुना मारला आणि दारावर खडूनं लिहिलं, 'या, बघा, करून बघा.' ज्याला वाटेल त्यानं यायचं. फी न्हाय, परीक्षा न्हाय, सर्टिफिकेट न्हाय.

मी बोललो, "बाई, परीक्षा न्हाय म्हणता? मग ही शाळा माझ्यासाठीच काढलीत."

पहिल्याच दिवशी बाईंनी काडीवर कापूस गुंडाळून दिला, बोलल्या, "दादा, दातांवरून फिरवा." फिरवला. त्यांच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली बघतो तर काय, जत्रा! वळवळ, धावाधाव, एकमेकांच्या अंगावर. मी विचारलं, "ही कुणाची?" बाई बोलल्या, "तुमचीच." मी दोन दिवस तोंड उघडलं न्हाय. बायकोनं बाईंना नारळ नेऊन दिला. बोलली, "शाळा चांगली हाय, चालू ठेवा."

लोक यायला लागले ते असे, थोडे थोडे. सुकी मासळी विकणाऱ्या दोघी आल्या, जवळ्याला बुरशी कशानं धरते ते बघायला. आतल्या गावचा एक भातवाला आला, भाताच्या पेंढ्यावर अळंबी उगवायला शिकला, आता शनिवारी कॉटेजवाल्यांना विकतो. पंखे दुरुस्त करणाऱ्यानं जुन्या मिक्सरचं गरगर फिरवायचं यंत्र केलं, गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवायला. ते बघून मला चेव आला. मी रिक्षाचं मागचं चाक जॅकवर चढवलं, चाकाला तारेनं चार नळ्या बांधल्या आणि दिला रेस. तीन नळ्या नारळाच्या झावळ्यांत गेल्या. चौथी माझ्या कपाळावर आली. ही खूण हाय बघा अजून. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मी विचारलं, "काय लिहिलंत?" बोलल्या, "काय करू नये ते. हेही ज्ञानच आहे, दादा." माझ्या नावावर एवढं ज्ञान पहिल्यांदाच जमा झालं.

बाईंचं बोलणं असायचं, "रेडिओ आपण घरी उघडतो, इंजिन उघडतो, मोबाइल उघडतो. मग जीवजंतूंनाच का घाबरायचं? पाणी आपलं, पोट आपलं, आणि बघायचं मात्र कुणीतरी लांबच्या माणसानं?" मला ते फार पटायचं. विशेषतः इंजिनचं. बाकी मी चहासाठी जायचो.

खरी शिकली ती आमची पुतणी. धाकटा भाऊ पनवेलला कंपनीत, भावजय पोरीच्या लहानपणीच गेली, म्हणून पोरगी आमच्याच घरी वाढली. कॉलेज झालं आणि ती त्या गोठ्यात जी शिरली ती तिथलीच झाली. खेळण्यातल्या लेझर दिव्याचं बारकं भिंग काढून जुन्या मोबाइलवर लावलं, खाली चार बोल्ट आणि प्लायवूड, झाला मायक्रोस्कोप. आमच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे डाळ. तिच्या कुकरमध्ये बाटल्या. एकदा भुकेच्या तंद्रीत मी झाकण उघडलं, बघतो तर आत बाटल्या ओळीनं बसलेल्या, जशा माझ्या रिक्षात पाशिंजर.

त्या बाटल्यांचंच सांगायचं हाय. बाटलीत औषधात भिजवून सुकवलेली कागदाची एक पट्टी. त्यात आपल्या बावीचं पाणी भरायचं, बाव म्हणजे आमची विहीर, आणि झाकण लावून बाटली उबेला ठेवायची. पाण्यात शौचाची घाण उतरत असली तर दोन-तीन दिवसांत पाणी काळं पडतं, घाण जास्त तेवढं लवकर. न्हाय पडलं तर बरं. एवढं सोपं. मलासुद्धा कळलं म्हणजे बघा.

भानगड उबेची होती. गोठ्यात थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून ऊब केलेली, पण आमच्याकडं लाइट कधी जाईल ते लाइटलापण ठाऊक नसतं. खोका थंड पडला की बाटल्या फुकट. सगळे डोकं खाजवत बसलेले, आणि मी सहज, म्हणजे टिंगलच करायची म्हणून बोललो, "माझी कोंबडी रवणावर, अंडी उबवत बसलीय. तिच्याखाली घाला. तिचा लाइट जात न्हाय."

सगळे हसले. बाई हसल्या न्हाय. थर्मामीटर घेऊन थेट माझ्या मागच्या दारी आल्या, टोपलीत कोंबडीखाली हात घातला, दोन चोची खाल्ल्या, आणि थर्मामीटर बघून बोलल्या, "दादा, खोक्यापेक्षा हीच बरी! जशी हवी तशी ऊब."

त्या दिवसापासून कोंबडी नोकरीला लागली. सहा अंडी, पाच बाटल्या. आसपासच्या गावांतून बाटल्या यायच्या माझ्या दारी. लोक मला जेट्टीवर विचारायचे, "काय, मॅडम बऱ्या हायत का?" बायको बोलायची, "घरात कमावणारी एक तरी निघाली."

आता बावीचं. समुद्राच्या कडंला गोड्या पाण्याची बाव म्हणजे इज्जत असते. शेजाऱ्याची बाव उन्हाळ्यात मचूळ होते, तोंडात घेतलं की मीठ लागतं. माझी ऐन वैशाखात शहाळ्यासारखी. आजूबाजूच्या लग्नांना पिण्याचं पाणी माझ्याकडून जातं. मी शेजाऱ्याला कायम बोलायचो, "तुझ्याकडं जेवायला आलो तर भाजीत मीठ घालू नको, पाणीच पुरे." तो गरीब माणूस, हसायचा आणि हंडा भरून न्यायचा.

पुतणीनं मला दोन बाटल्या दिल्या. मार्करनं लिहिलेलं, 'काका १', 'काका २'. बोलली, "काका, दोन्ही एकाच वेळी भरायच्या. नियम आहे. एक चुकली तर दुसरी खरं सांगते."

मी एकच भरली. दुसरी खिशात टाकली. माझ्या बावीला साक्षीदार कशाला दोन?

'काका १' कोंबडीखाली घातली आणि जेट्टीवर गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आलो, म्हटलं बघू. बाटली काढली. काळी. म्हणजे थोडी बिडी काळपट न्हाय, खापरीसारखी काळी. शेजाऱ्याची बाटली तिच्या बाजूलाच होती, नितळ. मचूळ, पण नितळ.

मी तसाच उकिडवा बसलो टोपलीपुढं. कोंबडी माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होती, त्या असतात तशाच, पण मला वाटलं हिला कळलंय. आणि मला पहिली कुठली आठवण झाली असेल तर संडासाच्या खड्ड्याची. बांधला तेव्हा पंचायतीचा माणूस बोलला होता, बावीपासून लांब घ्या, पलीकडच्या कुंपणाला. मी बोललो, "रात्री पोट बिघडल्यावर कुंपणापर्यंत कोण धावणार, तुम्ही?" सगळे हसले, तोपण हसला. आणि मी खड्डा स्वतःच्या हातानं मारला, बावीपासून आठ पावलांवर, उताराच्या वरच्या अंगाला, माडाच्या मुळाशी. माडाला खत मिळेल म्हणून. माड खरंच चांगला धरला. मी पाशिंजरांना सांगायचो, असला नारळ अख्ख्या किहीमात न्हाय.

दुसरी आठवण बायकोच्या पोटाची. किती वर्षं झाली, तिचं पोट महिन्या-दोन महिन्यांनी बिघडतं. ती ओवा चावत पडून ऱ्हाते, आणि मी? मी म्हणतो, "सुकट कमी खा, पोटात खाडी झालीय तुझ्या." गणपतीत पाहुण्यांसमोर तिच्या पोटाची नक्कल केलीय मी. तीपण हसली होती, पोट धरूनच हसली होती, कशासाठी धरलंय ते मी विचारलं न्हाय.

एवढं सगळं डोक्यात येऊन मी काय केलं? शहाणा माणूस उठून पुतणीकडं गेला असता. मी बाटली घट्ट झाकली, आणि माडाच्या मुळाशी फूटभर खड्डा करून पुरली. मग खिशातली 'काका २' काढली. रिक्षात मुंबईच्या पाशिंजरनं टाकून दिलेली विकतची पाण्याची बाटली होती, अर्धी. ते पाणी 'काका २' मध्ये भरलं आणि कोंबडीखाली सरकवलं.

ती कशाला काळी पडेल?

पुतणीनं विचारलं, "काका, एक नंबर कुठाय?"

मी बोललो, "कोंबडीनं फोडली."

आयुष्यात खूप जणांवर आळ घेतलेत, पण ज्या बाईनं एक पीस इकडचं तिकडं न करता रवण केलं, तिच्यावर घ्यायला नको होता. पुतणीनं कोंबडीला कामावरून काढलं. बाकीच्या बाटल्या उचलून गोठ्यात नेल्या. कोंबडीचा चेहरा मला बघवेना.

बाई बोलल्या, "एकाच बाटलीवर नको लिहू. परत एक भर." पण पोरगी बोलली, "अहो बाई, काकांची बाव आहे, लहानपणापासून पितेय मी." आणि गोठ्याच्या भिंतीवर जो मोठा कागद लावलाय, गावातल्या सगळ्या बावींचा, त्यावर माझ्या बावीपुढं हिरव्या पेनानं लिहिलं, 'स्वच्छ'. घाईत होती ती. तिचंच लग्न ठरलेलं, माणगावला. हळद आमच्या दारात.

आणि हळदीचं पाणी आमच्या बावीचं.

तिनं सासरच्या लोकांना फोनवर सांगितलेलं मी कानानं ऐकलं, "पाण्याची काळजी नको, मी स्वतः तपासलंय." स्वतः! मी ओटीवर होतो. उठलो, अंगणात गेलो, परत आलो, चप्पल घातली, काढली. बायको बोलली, "अवो, पायाखाली इंगळी हाय का?"

त्या दिवसापासून माझं जे सुरू झालं ते मी कुणाला सांगणार? जेट्टीवर बोट लागायची आणि मी पाशिंजर न घेताच गाडी सोडायचो. एकदा रिकामी रिक्षा घेऊन किहीमला पोचलो, भाडं मागायला मागं बघतो तर कुणीच न्हाय. एकदा एक कुटुंब उतरवायचं विसरलो, पुढच्या गावापर्यंत नेलं. त्यांना वाटलं गाव दाखवतोय, खुश झाले.

घरात मी पाणी पीत नव्हतो. बायकोनं माठातलं भरून दिलं की तुळशीत ओतायचो. तिला पिऊ नको कसं सांगायचं? बोललो, "बावीत बेडूक मेलाय, उकळून पी." ती बावीत वाकून बघून आली, बोलली, "कुठाय बेडूक?" मी बोललो, "बुडाला." ती बोलली, "बेडूक बुडतो व्हय कधी?" आणि गटागटा तांब्याभर प्यायली माझ्यासमोर.

ब्लीचिंग पावडर टाकावी म्हटलं, पंचायतीकडून आणलीपण. पण तिचा वास पुतणी ओळखणार. आणि ती शिकवताना बोललेली मी ऐकलेलं, पावडरीनं चार दिवस बाटली फसते, खड्डा फसत न्हाय. ती पिशवी मी रिक्षाच्या सीटखाली घेऊन फिरत होतो, एका बाईनं विचारलं, "दादा, गाडीला दवाखान्याचा वास कसला?"

सांगायला तीनदा गेलो गोठ्यात. पहिल्यांदा पुतणी बाटल्या धूत होती, माझ्याकडं बघून बोलली, "काका, लग्नानंतर माणगावला असंच एक सुरू करायचंय मला. सासू बोलली, स्वयंपाकघराच्या मागची खोली घे." तिचे डोळे असे चमकत होते की मी बोललो, "छान, छान," आणि चहा पिऊन आलो. दुसऱ्यांदा बाई एकट्या होत्या. मी बोललो, "बाई, समजा एखाद्यानं बाटली बदलली तर?" बाई बोलल्या, "कशाला बदलेल? बक्षीस थोडंच आहे? आपलीच बाव, आपणच पिणार." चहा पिऊन आलो. तिसऱ्यांदा चहापण नव्हता.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडव पडलेला, पाहुणे आलेले, भाऊ पनवेलवरून आलेला. आमच्यात रीत हाय, नवरीला घेऊन बाया वाजतगाजत बावीवर जातात, बावीला हळदकुंकू वाहतात, आणि पहिला हंडा भरून मांडवात आणतात. त्या पाण्यात हळद कालवायची आणि मग त्याच बावीचं पाणी दिवसभर पाहुण्यांना. ढोल वाजायला लागला. मी जेवणाच्या भांड्यांकडं होतो. बघतो तर बाया निघाल्या. पुढं पुतणी, हिरवा चुडा, डोक्यावर पदर, बाजूला माझी बायको हंडा घेऊन. मागं माणगाववरून आलेल्या दोन बायापण होत्या, नवऱ्याकडच्या, त्यातल्या एकीच्या कडंवर लहान मूल.

मी पळत गेलो आणि बावीच्या कठड्यावर चढून बसलो.

"पाणी काढायचं न्हाय!"

सगळ्या हसल्या. एक बोलली, "आला! अजून आला कसा न्हाय तेच बघत होतो."

"हसू नका. पाणी खराब हाय."

"पाणी खराब की तुमची नियत? ओवाळणी काय हवी ती सांगा नि उतरा."

"अगं बाटली काळी पडली होती! मी बदलली! विकतचं पाणी भरलं!"

ढोलवाल्यानं दोन थापा मारल्या, माझ्या वाक्याला ठेका दिला. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी जेवढं खरं बोलतोय तेवढ्या त्या हसतायत. मी बोललो, आईची शपथ. एक बोलली, गेल्या शिमग्याला पण आईचीच घेतली होती. मी बोललो, संडासाचा खड्डा आठ पावलांवर हाय, तेच पाणी झिरपतंय. त्यावर तर डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. माणगावच्या बायापण हसल्या, पदर तोंडाला लावून. एक दुसरीला बोलली, "हेच ते काका. सांगत होती ना ती, फार गमती."

एका पोरीनं कळशी दोरीला बांधलीसुद्धा. ती सोडली बावीत. आवाज आला, डुबुक.

मी उतरलो. माडाकडं गेलो आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागलो. नव्या लेंग्यावर, नव्या सदऱ्यावर माती. मागून कुणी बोललं, "आता पुरलेलं धन काढतायत." नखात खडी गेली. मुळं आडवी येत होती. एवढ्या वर्षांत एवढं नेटानं मी कुठलंच काम केलं नसेल. बाटली हाताला लागली. पुसली सदऱ्याला आणि वर धरली.

उन्हात पाणी काळंकुट्ट होतं. बाटलीवरचं जुनं लेबल भिजून फाटलेलं, पण बाटलीच्या काचेवर मार्करनं लिहिलेलं जसंच्या तसं. 'काका १'. तिचंच अक्षर.

ढोल थांबला. थांबवा असं कुणी सांगितलं न्हाय.

पुतणी पुढं आली. बाटली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मला वाटलं फेकून मारेल, मारावी असंच वाटत होतं, एकदाचं सुटलो असतो. ती हळू बोलली, "कोंबडीनं फोडली म्हणालात."

"व्हय."

"किती दिवसांत काळी झाली?"

मला हे कळेना, की पोरगी रागावायच्या जागी हिशेब विचारतेय. बोललो, "एका दिवसात."

तिनं डोळे मिटले. मग माझ्याकडं न बघता बायकोकडं बघितलं. बायकोच्या हातात हंडा तसाच. तिला कळायला एवढा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तिनं मोकळा हात पोटावर ठेवला. त्या हाताकडं मी बघू शकलो न्हाय, अजून आठवलं की रिक्षाचा गिअर चुकतो.

पुतणी माणगावच्या बायांकडं वळली, बोलली, "तपासलं म्हणून मीच सांगितलं होतं तुम्हाला. दोन बाटल्या बघायचा नियम माझाच, आणि मीच मोडला. एकीवर लिहिलं. घरचं माणूस म्हणून." स्वतःच्या हळदीच्या दिवशी, सासरच्या माणसांसमोर. चूक माझी आणि मान तिची खाली. मी बोललो, "अगं तुझा काय दोष—" ती बोलली, "काका, तुम्ही जरा गप्प बसा." बसलो. तिसरीनंतर पहिल्यांदा.

कडंवर मूल असलेली बाई पुढं आली. कळशी बावीतून वर आली होती, तिनं ती बाजूला ओतून टाकली आणि विचारलं, "मग पाणी कुठलं आणायचं?"

शेजारी कुंपणापलीकडून सगळं बघत होता. बोलला, "माझं हाय. मचूळ लागेल जरा." आणि माझ्याकडं बघून बोलला, "भाजीत मीठ घालू नका."

आता हसायची पाळी माझी होती आणि मला हसता येईना.

हळद शेजाऱ्याच्या पाण्यात कालवली. पिण्याचं पाणी बाईंच्या वाडीतून आणायचं ठरलं, त्यांच्या बावीच्या दोन्ही बाटल्या नितळ होत्या. पण वाजतगाजत आणायचा पहिला हंडा कुणी घ्यायचा? बायकोनं हंडा माझ्या डोक्यावर ठेवला. पुरुषानं नवरीचा हंडा वाहिलेला आमच्यात कुणी बघितला नसेल. ढोल पुढं, मी मधे, मागं बाया. वाडीतून घरापर्यंत. रस्त्यात कॉटेजवाल्या मुंबईकरांनी फोटो काढले, त्यांना वाटलं ही आमची प्रथा. हंड्यातलं पाणी हिंदकळून मानेवरनं पाठीत, पाठीतनं लेंग्यात. बायको बाजूनं चालत होती. बोलली, "सुकटीनं न्हाय तर मग."

मी बोललो, "न्हाय."

"गणपतीत पाहुण्यांसमोर सांगाल का तेवढंच?"

यंदाच्या गणपतीत सांगितलं. कुणी हसलं न्हाय. बाईंनी मात्र तिला सांगितलंय की पाण्यामुळंच होतं असं नक्की सांगता येणार न्हाय, डॉक्टरला दाखव. दाखवलं. आता उकळलेलंच पाणी पिते, औषध घेते, पोट पहिल्यापेक्षा बरं म्हणते. मी 'बरं' म्हणजे किती बरं ते रोज विचारतो. तिला त्याचाच त्रास होतोय.

लग्न झाल्यावर सात-आठ दिवसांत खड्डा उपसून बुजवला, नवा कुंपणाला मारला, उताराच्या खालच्या अंगाला. आता पोट बिघडलं की धावतो. गोठ्यातल्या भिंतीवरचं 'स्वच्छ' बाईंनी पुसलं न्हाय. त्यावर एक रेघ मारली आणि पेन माझ्या हातात दिलं, बोलल्या, "दादा, तुमच्या हातानं." मी लिहिलं, 'काळी'. 'ळ' उलटा झाला असेल, सरळ न्हाय आला. लोक येतात, वाचतात, माझ्याकडं बघतात. त्यानंतर एक गंमत झाली. पहिल्या फेरीला ज्यांनी बाटल्या दिल्या होत्या त्यातले तिघं परत आले, नव्या बाटल्या घेऊन गेले. का ते कुणी विचारलं न्हाय.

कोंबडीला कामावर परत घेतलंय. यंदाचं तिचं दुसरं रवण. दर महिन्याला मी माझ्या दोन बाटल्या भरतो, दोन्ही एकाच वेळी, आणि मला चैन पडत न्हाय. जेट्टीवरनं मधेच घरी येतो, टोपलीत हात घालतो, चोच खातो, परत जातो. बायको बोलते, अंडी उबायच्या आधी तुम्हीच उबून निघाल.

पुतणी माणगावला गेली. स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिनं कुकर मांडलाय, सासूच्या माहेरच्या गावातनंपण बाटल्या येतात म्हणे. तिच्याकडं लाइटचं बरं हाय, पण तिनं माझ्याकडून एक पिल्लू मागून घेतलंय, वाढून तलंग झाली की रवणावर बसवणार.

परवा तिचा फोन आला. मी टोपलीपुढंच होतो.

"काका, काय रंग?"

दोन्ही बाटल्या हातात होत्या. पहिल्या वेळी एका दिवसात काळी झाली होती. या वेळी तिसरा दिवस होता आणि आत्ता कुठं तळाला काळसर धरायला लागलेलं. अर्धा दिवस आधी बघितलंय असं समजलो असतो, तर नितळ सांगता आलं असतं.

"काळी," मी बोललो. "दोन्ही. पण उशिरा."

पलीकडं ती लिहून घेत होती, पेनचा आवाज येत होता. खरं का काका, म्हणून तिनं परत विचारलं न्हाय.

"पुढच्या महिन्यात बघू," बोलली. "तोवर उकळून प्या."

मी बाटल्या परत कोंबडीखाली ठेवल्या, आणि उठलो, आणि परत बसलो.